लहान मंडळी: आतली जवळीक जपून बाहेरचं दार उघडं कसं ठेवावं

उपासना संपल्यानंतरची पहिली दहा मिनिटं बघा. लहान मंडळीची, म्हणजे छोट्या ख्रिस्ती चर्चची, सगळी तब्येत त्या दहा मिनिटांत कळते. आमची मंडळी चाळीसेक माणसांची. एका रविवारी आशीर्वाद झाल्यावर मी जागेवरच बसून राहिलो. लगेच चार घोळके जमले. हसणं, विचारपूस, कुणाच्या आईची तब्येत, कुणाच्या परीक्षेचा निकाल. आणि दाराजवळ एक बाई मोबाइल चाळत असल्याचं नाटक करत उभी होती. तिचा तो तिसरा रविवार होता. चौथ्या रविवारी ती आली नाही. तिच्याशी कुणी वाईट वागलं नव्हतं. आम्ही सगळे एकमेकांवर प्रेम करण्यात गुंतलो होतो, एवढंच.

मग आम्हाला अपराधी वाटलं, आणि अपराधी वाटलं की माणसं करतात तेच आम्ही केलं. एकदम खूप कार्यक्रम काढले. दर शनिवारी बाहेर सेवा, महिन्यातून एक मेळावा, पत्रकं, भेटी. आठेक महिन्यांत सगळे थकले. त्याच काळात आमचे एक वयस्कर सभासद अकरा दिवस रुग्णालयात होते आणि पहिले आठ दिवस त्यांना भेटायला मंडळीतलं कुणीही गेलं नाही. सुवार्ता, म्हणजे येशूचा शुभ संदेश, सांगायला निघालेल्यांना घरात कोण आजारी आहे याचा पत्ताच नव्हता.

या दोन्ही चुका केल्यानंतर जे उमगलं, ते इथे लिहितो आहे. सहभागिता (मंडळीतली आपापसातली जवळीक) आणि सुवार्ताकार्य (बाहेर जाऊन सुवार्ता सांगणं) यांना आपण तराजूच्या दोन पारड्यांत घालतो, तिथेच गडबड होते. मोठ्या मंडळीत एक गट घरभेटी करतो, दुसरा बाहेर जातो. लहान मंडळीत तीच आठ-दहा माणसं गाणी बसवतात, खुर्च्या मांडतात, रविवारची शाळा घेतात आणि बाहेरही जातात. त्यांच्यावर आणखी एक कार्यक्रम लादून समतोल येत नाही. जे आधीच चालू आहे त्याची रचना बदलली तर येतो.

शास्त्रातही, म्हणजे बायबलमध्येही, या दोन गोष्टी वेगळ्या काढलेल्या नाहीत. मार्क ३:१४ मध्ये येशूने बारा शिष्यांना नेमलं ते त्यांनी त्याच्यासोबत असावं आणि त्याने त्यांना संदेश सांगायला पाठवावं, यासाठी. सोबत असणं आणि पाठवलं जाणं, दोन्ही एकाच वाक्यात. प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये ज्या कोइनोनिया या ग्रीक शब्दासाठी आपण 'सहभागिता' म्हणतो, तोच शब्द आरंभीच्या मंडळ्यांना पत्रं लिहिणारा पौल फिलिप्पैकरांस १:५ मध्ये सुवार्तेच्या कामातल्या भागीदारीसाठी वापरतो.

आधी मोजा, मग बोला

'आपण फार आत्मकेंद्री झालोय' किंवा 'आपण एकमेकांना विसरलोय' ही वाक्यं वडिलांच्या (मंडळीचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांच्या) सभेत नेहमी ऐकू येतात आणि दोन्ही बाजू आपापल्या अनुभवावरून भांडत बसतात. म्हणून आधी एक महिना नुसती नोंद ठेवा. एक वही पुरते.

पहिली नोंद माणसांची. गेल्या बारा महिन्यांत किती नवी माणसं पहिल्यांदा आली, त्यातली किती दुसऱ्यांदा आली आणि आज किती आहेत? हे तीन आकडे काढा. नवी माणसं येतच नसतील तर प्रश्न बाहेरचा आहे. येतात पण दुसऱ्यांदा दिसत नाहीत, तर प्रश्न रविवारच्या सकाळचा आहे. दोन-तीन महिने टिकतात आणि मग विरून जातात, तर प्रश्न मैत्रीचा आहे. या तिन्हींवरचा इलाज वेगवेगळा आहे, आणि बहुतेक मंडळ्या तिसरा आजार असताना पहिल्यावरचं औषध घेतात.

दुसरी नोंद तासांची. समजा मंडळीत खऱ्या अर्थाने काम करणारी दहा माणसं आहेत आणि प्रत्येकाला रविवारची उपासना सोडून आठवड्याला तीन तास देता येतात. म्हणजे हातात तीस तास. गाण्याचा सराव, रविवारच्या शाळेची तयारी, हिशेब, साफसफाई, सभा यांत किती जातात ते लिहा. आमच्याकडे तीसपैकी तेवीस गेले. सात तासांत घरभेटी, आजारी माणसं, नवी माणसं आणि बाहेरची सेवा हे सगळं बसवायचं होतं. हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर भांडण आपोआप थांबलं. दोन समित्या त्याच सभेत बंद केल्या, आणि खरं सांगतो, वर्षभरात त्यांची आठवण कुणालाही आली नाही.

तिसरी नोंद थोडी नाजूक आहे. चार रविवार, उपासनेनंतर कोण कोणाशी बोलतं ते बघा. नावं कुणाला दाखवू नका. दर आठवड्याला त्याच पाच जणांशी बोलणारी माणसं दिसतील, त्यात बहुधा तुम्हीही असाल. आणि नवीन नसूनही ज्यांच्याशी कुणी बोलत नाही, असे दोन-तीन जण दिसतीलच. त्यांच्याकडे आधी जा.

आतलं भांडण किती मिटेपर्यंत थांबायचं?

'आधी आपलं घर नीट करू, मग बाहेर जाऊ' असं म्हणणाऱ्याचं सगळंच चूक नसतं. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये पहिल्या मंडळीतल्या ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटणीत डावललं जात होतं. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, ती तक्रार क्षुल्लक ठरवली नाही. सात माणसं निवडून व्यवस्था लावली. त्यानंतर लगेच सातव्या वचनात देवाचं वचन पसरत गेल्याचं आणि शिष्यांची संख्या वाढत गेल्याचं लिहिलेलं आहे.

जर्मनीतल्या हेर्नहूटची गोष्टही अशीच आहे. धार्मिक छळाला कंटाळून मोरावियातून (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्रांतातून) आलेल्या मोरावियन निर्वासितांनी झिंझेनडॉर्फ या जर्मन सरदाराच्या जमिनीवर १७२२ मध्ये ही वस्ती उभारायला सुरुवात केली. पाच वर्षांत मतभेद इतके वाढले की वस्ती फुटायची वेळ आली. १७२७ मध्ये त्यांनी एकत्र राहण्याचे नियम ठरवले आणि त्याच वर्षी १३ ऑगस्टच्या प्रभुभोजनात (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस एकत्र घेण्याच्या विधीत) त्यांचा समेट झाला. अहोरात्र चालणारी त्यांची प्रार्थना-साखळी त्यानंतरची. १७३२ मध्ये त्याच छोट्या वस्तीतून लिओनार्ड डोबर आणि डेव्हिड निच्मान हे दोघे कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटाकडे निघाले, तिथल्या गुलामांना सुवार्ता सांगायला.

मात्र यातून 'सगळं मिटल्यावरच बाहेर' असा नियम काढू नका. लहान मंडळीत सगळं कधीच मिटत नाही. मी एक साधी रेषा आखतो. पैशाचा गैरव्यवहार, कुणाचा छळ, किंवा ज्यामुळे दोन घरं एकत्र प्रभुभोजन घेत नाहीत असा उघड वाद असेल, तर नवीन माणसाला बोलावण्याआधी त्याला हात घाला. गाण्याचा ताल, पडद्याचा रंग, मागच्या वेळी आपलं नाव कसं राहिलं, असल्या गोष्टींसाठी बाहेरचं काम अडवू नका.

काय बंद ठेवायचं ते उघडपणे ठरवा

सगळंच सगळ्यांसाठी खुलं करा, असा सल्ला उत्साही माणसं देतात. मला तो पटत नाही. ज्या बैठकीत कुणी आपल्या व्यसनाबद्दल, मोडत चाललेल्या संसाराबद्दल किंवा डळमळलेल्या विश्वासाबद्दल बोलतं, तिथे दर आठवड्याला नवा चेहरा आला की माणूस बोलायचा थांबतो. मग बैठक नुसती गाणी आणि ठरावीक प्रार्थनांची उरते.

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाच्या मेथडिस्ट चळवळीत हा प्रश्न दोन थरांनी सोडवला होता. 'बँड' हे फार छोटे, पुरुषांचे वेगळे आणि स्त्रियांचे वेगळे गट होते. तिथे पापाची कबुली देण्याइतका मोकळेपणा असे. 'क्लास' साधारण बारा जणांचे. त्यांची सुरुवात १७४२ मध्ये ब्रिस्टलला इमारतीचं कर्ज फेडण्यासाठी आठवड्याला एक पेनी गोळा करण्यातून झाली. पैसे गोळा करायला घरोघरी जाणाऱ्याला माणसांची खरी अवस्था दिसू लागली आणि वर्गणीची ती व्यवस्था पाळकीय, म्हणजे माणसांच्या आध्यात्मिक, काळजीची व्यवस्था झाली. क्लासचं दार नव्याने शोध घेणाऱ्यालाही खुलं असे. बँडचं नसे.

तुमच्या मंडळीतल्या प्रत्येक बैठकीपुढे 'खुली' किंवा 'बंद' असं लिहा. बंद बैठक छोटी ठेवा, तीन-चार जणांची, आणि ती अस्तित्वात आहे हे लपवू नका. खुली म्हटलेली बैठक मात्र खरोखर खुली हवी. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे नावाला खुली आणि वागणुकीत बंद. आमची बुधवारची प्रार्थनासभा अशीच होती. 'सर्वांचे स्वागत' असं दर रविवारी जाहीर व्हायचं. आलेल्याला मात्र 'त्या दिवशी झालं ना, ते' अशा अर्ध्या वाक्यांतून काहीच उमगायचं नाही.

रविवारची सकाळ

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १४व्या अध्यायात पौल धरून चालतो की उपासनेत बाहेरची, विश्वास न ठेवणारी माणसं येतील, आणि आपण बोलतो ते त्यांना समजायला हवं असं तो बजावतो. यासाठी उपासना पातळ करण्याची गरज नाही. काही सवयी मात्र बदलाव्या लागतात.

दहा मिनिटांचा नियम लावा. आशीर्वादानंतरची पहिली दहा मिनिटं रोजच्या मित्रांशी बोलायचं नाही. नवीन माणसाशी, किंवा ज्याच्याशी महिनाभरात बोलणं झालं नाही अशा सभासदाशी बोलायचं. घोळके नंतर जमवा, कुणी अडवत नाही. सुरुवातीला हे कृत्रिम वाटतं. चार-पाच आठवड्यांनी अंगवळणी पडतं. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

नवीन माणसाला उभं करून ओळख करून द्यायला लावू नका. आपल्याला तो मान वाटतो, त्याला ती शिक्षा वाटते. त्यापेक्षा शेजारी बसणाऱ्याने गाण्याचा क्रमांक आणि वचन उघडून द्यावं. प्रभुभोजनाआधी पाळकाने (मंडळीच्या धर्मगुरूने) दोन वाक्यांत सांगावं की हे काय आहे, कोण घेतं आणि न घेणाऱ्याने नुसतं शांत बसलं तरी चालतं. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि गरिबाला 'तू तिथे उभा राहा' असं सांगणाऱ्यांना चांगलंच फटकारलं आहे. आपण कुणाला कुठे बसवतो, हे बाकांवरची माणसं बघत असतात.

सूचना देताना 'नेहमीच्या ठिकाणी', 'ताईंना भेटा' असं म्हणणं सोडा. कुठे, किती वाजता, कोणत्या ताई, ते सांगा. आणि दाराशी स्वागताला दर रविवारी तोच हसतमुख माणूस उभा करू नका. तो आजारी पडला की मंडळीचं स्वागतच आजारी पडतं.

बाहेर काय करायचं: एकच काम, बरेच महिने

लहान मंडळीने वर्षाला बाहेरचं एकच काम धरावं. आजूबाजूच्या मुलांचा अभ्यास घेणं असेल, एकट्या राहणाऱ्या वृद्धांना भेटणं असेल, रुग्णालयातल्या रुग्णांच्या नातेवाइकांची सोबत असेल. निवडताना 'सर्वांत मोठी गरज कोणती' एवढंच विचारून चालत नाही. 'आपल्यातली कोणती चार माणसं हे आनंदाने दोन वर्षं करतील' हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर पहिला सोडून द्या.

कामाला एकट्याला पाठवू नका. लूक १०:१ मध्ये शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं होतं आणि लहान मंडळीला याचा दुहेरी फायदा होतो. जाता-येता त्या दोघांमध्ये जी ओळख होते ती कुठल्याही सहभागितेच्या बैठकीत होत नाही. आमच्याकडचे दोन जण वर्षानुवर्षं एकमेकांना टाळत होते. दर पंधरा दिवसांनी एका वृद्ध गृहस्थाला एकत्र भेटायला जाऊन त्यांचं बोलणं सुरू झालं. ते गृहस्थ आजतागायत मंडळीत आलेले नाहीत. भेटी चालू आहेत.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मदतीला अट घालू नका. अभ्यासाला येणाऱ्या मुलाने प्रार्थना केलीच पाहिजे, किराणा घेणाऱ्याने रविवारी यायलाच हवं, असं केलं की मदतीचा सौदा होतो. त्याच वेळी आपण कोण आहोत हे लपवूही नका. कुणी विचारलं तर आपल्या आशेबद्दल सांगावं, पण सौम्यतेने आणि आदराने, असं पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेची टिंगल त्यात बसत नाही. मुलांसोबतच्या कामात पालकांची आधी संमती घ्या आणि कोणत्याही मुलासोबत एकच मोठा माणूस बंद खोलीत नसेल, हा नियम कुणासाठीही, पाळकासाठीसुद्धा, शिथिल करू नका.

आणि खरं सुवार्ताकार्य कार्यक्रमापेक्षा रोजच्या ओळखीतून होतं. येशूचा शिष्य अंद्रिया याने आधी आपल्या भावाला गाठलं. येशूच्या मागे निघालेल्या लेवी या जकातदाराने आपल्या घरी मेजवानी दिली आणि आपल्याच वर्तुळातल्या जकातदारांना बोलावलं. अशी मेजवानी द्यायला सभासदाकडे एक संध्याकाळ मोकळी लागते. आठवड्यातल्या पाच संध्याकाळी त्याला मंडळीच्या कामात अडकवून ठेवून 'शेजाऱ्यांशी संबंध वाढवा' असा उपदेश करणं हा विनोदच झाला.

महिन्याची आखणी

आम्हाला लागू पडलेला क्रम असा. पहिल्या आठवड्यात छोट्या बंद गटांच्या बैठका. दुसऱ्यात बाहेरचं काम आणि आजारी, घराबाहेर पडू न शकणाऱ्या सभासदांना भेटी, दोन्ही जोडीजोडीने. तिसऱ्यात कुणाच्या तरी घरी खुलं जेवण, ज्यात यजमानाने निदान एक मंडळीबाहेरचं माणूस बोलवायचं. चौथा आठवडा रिकामा. महिन्यात पाचवा रविवार आला तर तो आठवडाही रिकामा.

रिकाम्या आठवड्यावर सर्वांत जास्त हल्ले होतात. कुणाला तरी तिथे सराव घ्यायचा असतो, कुणाला सभा. देऊ नका. माणसं शेजाऱ्यांकडे, नातलगांकडे आणि स्वतःच्या मुलांकडे त्याच आठवड्यात जातात. एका माणसाकडे एकच ठरलेली जबाबदारी, हाही नियम करून बघा. आणि पाळकाच्या कुटुंबाला मोफतचे कार्यकर्ते समजण्याची सवय असेल तर तीही याच निमित्ताने सोडा.

पैशाचं थोडक्यात. आतल्या गरजूंसाठी आणि बाहेरच्या कामासाठी दोन वेगळी खाती ठेवा, छोटी का असेनात. एकाच पेटीतून दोन्ही चाललं की गरज पडेल तेव्हा नेहमी जवळचा माणूस जिंकतो.

नवीन माणूस टिकतो कसा, आणि जुन्यांना काय सोसावं लागतं

दुसऱ्या भेटीनंतर नवीन माणसासाठी मंडळीतल्या एकाने सहा महिन्यांची मैत्री पत्करावी. शिकवणं नव्हे, मैत्री. दोन महिन्यांच्या आत त्याला एक छोटं खरं काम द्या. खुर्च्या मांडणं, तबला वाजवता येत असेल तर तबला, मुलांची हजेरी. शिकवण्याची किंवा पैशाची जबाबदारी इतक्या लवकर नको. माणसाला आपलेपणा वाटतो तो आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं तेव्हा. आणि त्याचे आधीचे मित्र तुटू देऊ नका. वर्षभरात त्याच्या सगळ्या संध्याकाळी मंडळीने गिळल्या, तर जी माणसं त्याच्यामार्फत आली असती त्यांचाही रस्ता आपण बंद केला.

आता जुन्यांबद्दल. वीस वर्षं एकत्र रडलेल्या, एकमेकांची मुलं सांभाळलेल्या माणसांमध्ये पाच नवी माणसं आली की काहीतरी खरोखर हरवतं. जुने विनोद पुन्हा समजावून सांगावे लागतात. आवडतं गाणं मागे पडतं. 'आपली मंडळी आता पूर्वीसारखी राहिली नाही' असं एखाद्या आजींनी म्हटलं तर त्यांना स्वार्थी ठरवू नका. त्यांचं म्हणणं खरं आहे. त्यांच्याजवळ बसा, ऐकून घ्या. मग त्यांना विचारा, तुम्ही इथे पहिल्यांदा आलात तेव्हा तुमच्याशी कोण बोललं होतं? आमच्या आजींनी एक नाव सांगितलं, डोळे पुसले, आणि पुढच्या रविवारपासून दाराजवळच्या खुर्चीत बसायला लागल्या.

नवी माणसं येतील तशी काही जुनी जातीलही. अंत्युखियाच्या मंडळीत पाच संदेष्टे व शिक्षक होते असं प्रेषितांची कृत्ये १३ मध्ये आहे. उपासना आणि उपास चालू असताना पवित्र आत्म्याने त्यातले दोन मागितले, बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल). पाचातले दोन, आणि तेही बिनीचे. मंडळीने त्यांच्यावर हात ठेवून त्यांना निरोप दिला. तुमचा सर्वांत चांगला शिक्षक दुसऱ्या छोट्या मंडळीला मदत करायला निघाला तर त्याला अडवण्याआधी हा अध्याय वाचा. आणि ज्यांना पाठवलं त्यांना परत आल्यावर सगळं सांगायला वेळ द्या. बर्णबा आणि शौल परत आले तेव्हा मंडळी जमवून त्यांनी तेच केलं होतं (१४:२७).

दर तीन महिन्यांनी

वही पुन्हा उघडा. वडिलांच्या सभेत तासाभरात हे प्रश्न घ्या: या तीन महिन्यांत कोण आजारी होतं आणि त्यांना कोण भेटलं? कुणाचं येणं बंद झालं आणि ते आपल्याला कितव्या आठवड्यात कळलं? प्रत्येक वडिलाने मंडळीबाहेरच्या कोणत्या एका माणसासाठी नावानिशी प्रार्थना केली? खुल्या जेवणाला बाहेरचं कोण आलं? कोणता कार्यक्रम नुसता चालू आहे म्हणून चालू आहे?

उत्तर 'माहीत नाही' असेल तर तसंच लिहा. आमच्या वहीत पहिल्या तिमाहीला ते सात वेळा लिहिलेलं आहे. दुसऱ्या प्रश्नासमोर त्या दाराजवळच्या बाईंबद्दलही तेच. मग आमच्यातल्या एकीला आठवलं की तिने पहिल्या रविवारी त्यांचा नंबर घेऊन ठेवला होता. वापरला मात्र कधीच नव्हता. त्या संध्याकाळी तिने फोन लावला.